नवा लॅपटॉप, पण आधी झाडलोट!

नवा बिडाचा तवा घरी आणला की आपण लगेच त्यावर भाकरी टाकतो का? नाही. आधी तो घासतो, तेल लावून तापवतो, कांदा फिरवतो, मग वापरायला काढतो. नव्या फ्लॅटमध्येही सामान लावण्याआधी एकदा फरशी पुसून घेतोच. मग एवढे हजार मोजून आणलेला लॅपटॉप मात्र खोक्यातून काढला, हळदकुंकू वाहिलं आणि तसाच वापरायला घेतला, असं का बरं?

हा विषय निघाला तो आमच्या वसईत, होळी भागातल्या एका बचत गटामुळे. गटातल्या बायकांनी हिशेबासाठी वर्गणी काढून नवा लॅपटॉप घेतला. आठवडाभरात सचिव वहिनींचा फोन. "ताई, अहो सारखं काहीतरी वर येतंय. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, पैसे भरा' म्हणतंय. भरू का?" मी म्हटलं, "वहिनी, आधी थांबा. एक रुपयाही भरू नका." जाऊन पाहिलं तर व्हायरस वगैरे काही नव्हता. महिनाभर फुकट वापरायला दिलेलं एक अँटिव्हायरस मुदत संपत आल्याची हाकाटी करत होतं. जोडीला कुणी न मागितलेले खेळ, खरेदीच्या जाहिराती असा बराच पसारा होता. हा पसारा दुकानात येण्याआधीच लॅपटॉपमध्ये भरलेला असतो. त्याचे पैसे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला मिळतात आणि त्रास आपल्याला होतो.

दरवेळी हा नुसता त्रासच असतो, असंही नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आधीच घातलेला असल्याचं उघडकीस आलं. बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांशी होणाऱ्या व्यवहारातही तो मध्ये शिरत होता. कंपनीला तो काढून टाकण्याची सोय करून द्यावी लागली, आणि २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर या प्रकरणात तडजोड करावी लागली.

कोरी पाटी म्हणजे काय?

विंडोज ही लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे घरातली कर्ती बाई म्हणा ना! बाकी सगळे प्रोग्राम तिच्या जिवावर चालतात. लॅपटॉपची डिस्क पूर्ण पुसून फक्त तीच नव्याने बसवायची, याला 'क्लीन इन्स्टॉल' म्हणतात. मात्र प्रत्येकीने हे करायलाच हवं असं नाही. दोन-चारच नको असलेले प्रोग्राम असतील तर सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन ते काढून टाकले तरी भागतं. पण पसारा जास्त असेल, लॅपटॉप जुना विकत घेतला असेल किंवा आधी कुणी काय घातलंय याचा भरवसा नसेल, तर कोरी पाटीच बरी.

एक इशारा इथेच देते. काही लॅपटॉप विंडोजशिवाय, थोडे स्वस्त मिळतात. मग कुणीतरी म्हणतो, "काकू, शे-दोनशेत विंडोज टाकून देतो." ते बहुधा चोरीचं असतं. त्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्राममधूनच चोर घरात येऊ शकतो. बचत गटाच्या लॅपटॉपमध्ये पंधरा जणींची आधार कार्डं, पासबुकं, कर्जाचे आकडे असतात. शे-दोनशे रुपयांसाठी ते पणाला लावायचं का? शिवाय अशा विंडोजचे अपडेट पुष्कळदा बंद करून ठेवलेले असतात. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभरातले लाखो संगणक अडकवले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अपडेट केलेले संगणक त्यातून वाचले.

आधीची तयारी

• फोटो, हिशेब, कागदपत्रं बाहेर काढून ठेवा. पुसलेल्या डिस्कवर काही उरत नाही.

• लॅपटॉपबरोबर ऑफिस (वर्ड, एक्सेल) मिळालं असेल तर पुसण्याआधीच ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. नाहीतर ते हातचं जाऊ शकतं. त्या खात्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

• किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून घेतलं की तेच त्या पेनड्राइव्हवर विंडोज भरून देतं. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं मात्र जातं.

• लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा वाय-फाय ड्रायव्हर उतरवून वेगळा ठेवा. कधीकधी नव्या विंडोजला वाय-फायच सापडत नाही, आणि विंडोज ११ तर बसवतानाच इंटरनेट मागतं.

• चार्जर लावूनच कामाला बसा. पावसाळ्यात दिवे कधी जातील याचा नेम नाही!

प्रत्यक्ष काम

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि सुरू होतानाच कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप हे बटण दाबत राहा. यादी आली की पेनड्राइव्ह निवडा. पुढे भाषा वगैरे विचारलं जातं. डिस्कचे तुकडे दाखवणारा पडदा आला की मात्र घाई नको. दोन डिस्क असतील तर कुठली पुसायची ते नीट बघा. तिथले तुकडे पुसले की कंपनीने परत मागे जाण्यासाठी ठेवलेली सोयही जाते, हे लक्षात असू द्या. मग मोकळ्या जागेवर बोट ठेवून पुढे जायचं. एवढं झालं की चहा टाकायला हरकत नाही.

विंडोजची किल्ली (प्रॉडक्ट की) कुठून आणायची, ही धास्ती सगळ्यांना असते. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर ती किल्ली बहुतेक वेळा मशीनच्या चिपमध्येच असते. इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप चालू होतं. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' बघून खात्री करा. त्यानंतर सगळे अपडेट घ्या. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर फुकट आहे, घरच्या वापराला ते पुरतं. आणि हो, भाषेच्या यादीतून मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडायला विसरू नका. इंग्रजी अक्षरांनी टाइप केलं की मराठी उमटतं!

जुन्या लॅपटॉपचं काय?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून ते भंगारात काढू नका. उबुंटूसारखं लिनक्स फुकट आहे आणि कायदेशीरही. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलं आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, तेही फुकट आणि मराठीतून.

गटाच्या त्या लॅपटॉपचं काम आम्ही सगळ्यांसमोर, एका दुपारी केलं. बटणं वहिनींनीच दाबली. सुरुवातीला हात थरथरत होता, पण शेवटी निळा पडदा आला तेव्हा म्हणाल्या, "एवढंच होतं होय!" आता जाहिराती नाहीत, कटकट नाही, आणि वहिनी शेजारच्या गटाला शिकवायला निघाल्या आहेत.

मैत्रिणींनो, लॅपटॉप घरात कुणाच्याही नावावर असो, त्यात काय आहे आणि कुणी घातलंय हे आपल्याला ठाऊक असायला हवं. पडद्यावर कुणी पैसे मागितले तर आधी हात आवरा आणि जाणत्याला विचारा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि तो विंडोजचा पेनड्राइव्ह नाव लिहून कपाटात जपून ठेवा. उद्या कुणाला तरी लागणारच आहे!