चिखलणीत टिलर बंद पडला तर



देवरूखकडे पावसाने जोर धरला, तरवा तयार झाला, माणसं लावणीला आली आणि नेमका जुना पॉवर टिलर आचके देऊन बंद पडला, तर दिवस फुकट जातो. अशा वेळी घाईने पंप, नोझल खोलू नका. डिझेल इंजिनाला प्लग नसतो. खोड बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेत असते. ती टाकीपासून या क्रमाने तपासा :

१) टाकीच्या झाकणाचे बारीक भोक चिखलाने बुजले की डिझेल उतरत नाही. इंजिन थोडे चालते नि थांबते. भोक साफ करा.

२) टाकीच्या तळचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर ते खाली बसलेले दिसेल. ते सगळे काढून टाका.

३) फिल्टर तुंबला असेल तर बदला.

४) नळीचे जोड आवळा. मग हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की घट्ट करा.

धूरही पाहा. काळा धूर म्हणजे हवेचा फिल्टर कोंदला किंवा भार जास्त झाला. निळा म्हणजे ऑइल जळते आहे.

तरीही इंजिन मिस मारत असेल तर नोझल मिस्त्रीलाच दाखवा. त्याच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. डिझेल कातडीत घुसते.

पावसाळ्यात डिझेल गाळून भरा आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दव धरणार नाही.