छायाचित्राची साक्ष

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्याकडे सर्व मंडळी जमली होती. एके रात्रीं जेवणें उरकून ओसरीवर बसलों असतां धाकट्या बंधूंचा मुलगा आपला मोबाइल घेऊन पुढें आला व म्हणाला, “काका, हें पाहा परग्रहावरील विमान!” काळोखांत पुसटसा दिसणारा एक त्रिकोण, त्याच्या तीन कोपऱ्यांस तीन पांढरे दिवे आणि मध्यभागीं एक तांबूस, असें तें चित्र होतें. लागलीच घरांत दोन पक्ष पडले. कोणी म्हणे खरें, कोणी म्हणे बनावट. मौज अशी कीं, दोन्ही पक्ष तेंच चित्र मोठें करकरून पाहात होते आणि दोघांसही त्यांत आपापला पुरावा सांपडत होता. मला त्या चित्राची हकीकत ठाऊक होती. ती त्या रात्रीं मुलांस सांगितली, तीच येथें वाचकांपुढें मांडतों.

बेल्जियमच्या पूर्व भागांत, जर्मनीच्या सीमेलगत, यूपेन नांवाचें शहर आहे. २९ नोव्हेंबर १९८९ रोजीं सायंकाळीं तेथील दोघां पोलिस शिपायांस रस्त्यालगतच्या शेतावर एक प्रचंड त्रिकोणी वस्तु अधांतरीं तरंगतांना दिसली. खालच्या अंगास तीन प्रखर दिवे व मध्यें एक तांबडा, असें त्यांनीं सांगितलें. त्यानंतर कित्येक महिने तशा हकीकतींचा पूर लोटला. ३० मार्च १९९० च्या मध्यरात्रीनंतर हवाईदलाचीं दोन एफ्-१६ विमानें शोधार्थ उडालीं. त्यांच्या रडारवर कांहींतरी उमटलें, पण वैमानिकांच्या डोळ्यांस कांहींच दिसलें नाहीं. हवाईदलानें हें लपवून न ठेवतां जाहीर केलें, ही गोष्ट त्यास भूषणावह होय.

एवढे साक्षीदार, पण धड छायाचित्र एकही नाहीं! अशा वेळीं पेती-रेशां गांवच्या एका तरुण कामगारानें एप्रिल १९९० मध्यें घेतलेली म्हणून एक स्लाइड पुढें आली. तीच ही. वर्तमानपत्रांनीं ती जगभर पोहोंचविली. ब्रुसेल्स येथील लष्करी विद्यालयांत ती तपासली गेली. परदेशच्या तज्ज्ञांनींही पाहिली. खाडाखोडीची खूण कोणास आढळली नाहीं. २००२ सालीं तर एका फ्रेंच पदार्थविज्ञान्यानें संगणकाच्या साहाय्यानें असा शोध लाविला कीं, वस्तूभोंवतीं प्रकाशाचे सूक्ष्म कण लोहचुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस मांडला जावा तशा रांगांनीं दिसतात. मल्लिनाथास लाजविणारें हें भाष्य!

उलट पक्ष नव्हता असें नाहीं. लिएज विद्यापीठांतील ज्योतिर्विदांनीं १९९३ मध्येंच शंका घेतली होती, आणि एका बेल्जियन अभ्यासकानें लहानसा नमुना तयार करून तसेंच चित्र काढून दाखविलें होतें. त्यावर उत्तर ठरलेलें: तसें करतां येतें म्हणून तसेंच केलें, असें सिद्ध होत नाहीं. हें उत्तर तर्कदृष्ट्या चुकीचें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

मग चूक कोठें? आपल्या जुन्या तर्कशास्त्र्यांनीं अभावाचा विचार करतांना एक बारकावा सांगून ठेवला आहे. जमिनीवर घट दिसत नाहीं म्हणून घट नाहीं, हें म्हणणें केव्हां योग्य? घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिति असेल तेव्हां. भरदुपारीं अंगणांत तें खरें. अंधाऱ्या कोठींत नव्हे. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. तज्ज्ञ म्हणत होते कीं, लबाडी दिसत नाहीं म्हणून लबाडी नाहीं. पण ती असती तर त्या चित्रांत दिसली असती काय? चित्र जवळजवळ सगळेंच काळें! ना झाड, ना घराचें छप्पर. वस्तु हातभर कीं शेतभर हें ठरविण्यास मापच नाहीं. शिवाय समोर वस्तु नसेल तरच फिल्मवर खाडाखोड करावी लागते. येथें वस्तु समोर होती.

ती कोणती, हें २६ जुलै २०११ रोजीं कळलें. त्या कामगारानें स्वतःच दूरचित्रवाणीवर सांगून टाकलें कीं, पॉलिस्टिरीन, म्हणजे ज्याचीं मखरें आपण परवांपरवांपर्यंत गणपतीसाठीं करीत होतों तो थर्मोकोल, घेऊन रंगविला, त्यास दिवे बसविले, टांगला आणि फोटो काढला. हकीकती गोळा करणारी तेथील संस्था तोंपर्यंत, २००७ च्या अखेरीस, बंदही झाली होती.

“अगबाई, थर्मोकोल!” म्हणून वहिनी हंसल्या, मुलेंही हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं, त्यास कारण आहे.

मी शाळेंत असतांना रजेच्या चिठ्ठ्यांवरील पालकांच्या सह्या पडताळण्याचा मला मोठा अभिमान होता. एका मुलाच्या चिठ्ठीवरील सही आधींच्या सहीशीं जुळेना. मीं त्यास वर्गासमोर लबाड ठरवून उभें केलें. पुढें कळलें कीं, अर्धांगामुळें वडिलांचा हात कांपत असे. सही त्यांचीच होती. आणि ज्याच्या चिठ्ठ्या वर्षभर तंतोतंत जुळत होत्या, तो बहाद्दर त्या स्वहस्तें लिहीत होता! मीं कागद तपासला, माणूस तपासला नाहीं. त्या पहिल्या मुलाची खालीं गेलेली मान मला अजून दिसते.

यूपेनच्या शिपायांचें असेंच झालें. थर्मोकोलचा उलगडा होतांच त्यांची साक्षही अनेकांनीं हंसण्यावारी नेली. वस्तुतः ती चित्राच्या चार महिने आधींची. चित्र खोटें ठरल्यानें ती खरीही होत नाहीं व खोटीही होत नाहीं. त्यांनीं काय पाहिलें हा प्रश्न स्वतंत्रच आहे. त्रिकोणाचें वर्णन तोंपर्यंत सर्वतोमुखीं झालेलें होतें. चित्र त्यावरहुकूमच कापलेलें असावें. म्हणून दोन्ही जुळलीं, आणि जुळलीं म्हणून दोन्ही खरीं मानलीं गेलीं!

छायाचित्रास आपण प्रत्यक्ष समजतों, पण तें कोणी तरी आपणांस आणून देतो व “अमक्या वेळीं, अमक्या ठिकाणीं टिपलें” असें सांगतो. तें शब्दप्रमाणच झालें, आणि शब्दाची किंमत वक्त्यावर. आतां तर दोन ओळी लिहून दिल्या कीं संगणक हवें तें चित्र काढून देतो. तेथें थर्मोकोलचीही जरूर नाहीं.

पुतण्या हुशार. तो म्हणाला, “मग काका, ती कबुली हाही शब्दच ना? पूर्वीं खोटें बोललेला आतां खरें बोलतो, हें कशावरून?” क्षणभर मी निरुत्तर झालों. मग म्हटलें, कबुली एकटी उभी नाहीं. त्या अभ्यासकानें आधींच काढून दाखविलेलें चित्र तिच्या बाजूस आहे, आणि थर्मोकोल, रंग व दिवे ही सामग्री कोणासही जमवितां येते. त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों स्वारी माळ्यावर चढून जुन्या मखराचे तुकडे शोधीत होती.