डांबराखाली काय आहे?

नवा रस्ता तपासायचा म्हटलं की अजूनही आधी कोअर कापायचं मशीन पुढे येतं. डांबराचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत न्यायचा आणि मागे राहिलेलं भोक बुजवायचं. ते नीट बुजलं नाही, तर पावसाचं पाणी तिथूनच आत मुरतं. चांगल्या रस्त्याला तपासणीपायी इजा व्हावी, हे मला पटत नाही. म्हणून चाचणीला जाताना माझ्या पिशवीत हातोडी आणि दोन सेन्सर असतातच.

रस्त्यावर ठोका दिला की पृष्ठभागालगत लहरी धावतात. त्यांचं गणित लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये मांडलं. आखूड लहर वरच्या थरातच राहते, लांब लहर खोलवर पोचते. डांबरात सेकंदाला १५०० मीटर धावणारी, १०,००० हर्ट्झची लहर जेमतेम १५ सेंटिमीटर लांब असते. खालच्या मातीत वेग २०० मीटरवर येतो. तिथे १०० हर्ट्झची लहर दोन मीटर भरते. कुठल्या लांबीची लहर एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत किती वेगाने गेली, यावरून प्रत्येक थराचा ताठरपणा काढता येतो. वेग निम्म्यावर आला, तर ताठरपणा चौथाईवर आलेला असतो. टेक्सास विद्यापीठात केनेथ स्टोको आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रस्त्यांसाठी विकसित केली.

प्रत्यक्षात सेन्सर ग्रीस लावून डांबरावर घट्ट बसवावे लागतात, आणि शेजारून ट्रक गेला की तो ठोका बाद. डांबरासाठी हलकी हातोडी, खालच्या थरांसाठी जड घण. आपल्याकडच्या काळ्या मातीवर तर हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा करावं, असं माझं ठाम मत आहे. ओली झाली की तीच माती पार मऊ पडते.

खरी मेख आहे उन्हाची. डांबर दुपारी नरम पडतं. त्यामुळे सकाळी उत्तम ठरलेला रस्ता दोन वाजता कमकुवत दिसतो. शिवाय हातोडीच्या जलद लहरींना डांबर जितकं ताठ भासतं, तितकं ते ट्रकच्या चाकाखाली नसतं. म्हणून ताठरपणाचा हा आकडा दुरुस्त केल्याशिवाय थेट रस्त्याच्या आराखड्यात घालू नये.

तुमच्या गावच्या रस्त्याचा असा अहवाल हाती आला, तर आधी डांबराचं तापमान लिहिलंय का ते बघा. नसेल, तर चाचणी पुन्हा करायला लावा.