गोठ्यातलं कलादालन बघायला जाताना

गटाची सहल म्हटली की आपली ठिकाणं ठरलेली असतात. जोतिबा, नृसिंहवाडी, आदमापूरचे बाळूमामा. यंदा बैठकीत मी पिंगुळीचं नाव काढलं, तर सगळ्या म्हणाल्या, "राऊळ महाराजांचा मठ ना? जाऊया की." मी म्हटलं, मठात जाऊच, पण त्याच गावात ठाकर लोकांचं एक कलादालन आहे, तेही बघू. यावर आमच्या एक काकी म्हणाल्या, "चित्रं बघायला कशाला पैसे घालवायचे? कॅलेंडर आहे घरात." हसलो सगळ्या, पण प्रश्न खरा होता. वर्षभर महिन्याला वीस-वीस रुपये बाजूला काढलेले. चौदा बायकांचे तीन हजार तीनशे साठ रुपये. ते कशावर खर्च करायचे, हे सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवं. शेवटी हात वर करून मोजलं. आठ विरुद्ध सहा.

आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून कुडाळ. एसटीला आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचं ओझं झालं नाही. पिंगुळी कुडाळला अगदी लागून आहे. रेल्वेनं येणाऱ्यांनाही कुडाळ स्टेशन जवळ पडतं.

आता ही जागा काय आहे ते सांगते. गावातल्या गुढीपूर वाडीत ठाकर आदिवासी समाजाची घरं आहेत. चित्रं दाखवून कथा सांगणं, दोरीवरच्या कळसूत्री बाहुल्या नाचवणं, पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ करणं, ही त्यांची पिढ्यांची कला. पूर्वी सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता, देवळांतून खेळ व्हायचे. पुढे राजे गेले, सिनेमा आला, टीव्ही आला. परशुराम गंगावणे यांनी मात्र ही कला सोडली नाही. 2006 साली त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं आणि नाव दिलं 'ठाकर आदिवासी कला आंगण'. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा म्हटल्यावर आमच्या काकींचा चेहरा बदलला. गोठ्याचं काय काय होऊ शकतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आपण फक्त शेण काढतो, एवढंच.

आत चित्रं आहेत, बाहुल्या आहेत, वाद्यं आहेत. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातल्या कथा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एक बाजू दाखवून झाली की उलटायची आणि कथा पुढे न्यायची. माणसं बहुतेक बाजूनं दिसणारी, डोळे मोठाले, रंग ठसठशीत. सांगणारा वीणा घेऊन बसतो, जोडीला टाळ आणि हुडुक. हुडुक म्हणजे मधे बारीक असलेलं, डमरूच्या जातीचं वाद्य. चित्र नुसतं भिंतीवर बघितलं तर दोन मिनिटांत बघून होतं. पण तेच चित्र समोर ठेवून, गाऊन, बोट दाखवून सांगितलं की ते संपतच नाही. म्हणून माझं सांगणं असं, की नुसतं कलादालन बघून परत फिरू नका. खेळ बघा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी चित्रकथी चित्रं आहेत आणि ती बघण्यासारखी आहेत, पण तिथं ती काचेआड आहेत. इथं ती बोलतात.

पण खेळ आपोआप चालू नसतो. ही मोठी नाट्यगृहं नाहीत, तिकीट काढलं आणि बसलं असं नसतं. घरची माणसं, त्यांनाही शेती, सण, बाहेरगावचे कार्यक्रम. म्हणून आधी फोन करून दिवस ठरवा. किती जणी येणार, लहान मुलं आहेत का, चित्रकथी हवी की बाहुल्या, सगळं सांगा. पैसे किती होतील तेही तेव्हाच स्पष्ट विचारा. विचारायला लाजायचं आणि मग गाडीत कुरकुर करायची, हे बरं नाही. बाहुल्यांना हात लावू नका. एका बाहुलीच्या दोऱ्या गुंतल्या की सोडवणाऱ्याचा जीव जातो. स्वेटर विणणारीला हे कळेल. खेळ चालू असताना मोबाईल खाली ठेवा. सावल्यांच्या खेळात पडद्यामागे दिवा असतो, बाकी अंधार. त्यात एकीचा जरी मोबाईल उजळला तरी सगळ्यांची सावली पुसली जाते. आमच्यातल्या दोघींनी हे केलंच. फोटो खेळ झाल्यावर, विचारून काढा.

आणि घासाघीस. शेवटी विकायला चित्रं ठेवलेली असतात. आमच्यातल्या एकीनं लगेच "कमी करा की" सुरू केलं. मला कानकोंडं झालं. कारण तीच बाई आमच्या पापडाच्या स्टॉलवर कुणी पाच रुपये कमी करा म्हटलं की दिवसभर धुसफुसते. मी तिला बाजूला घेऊन तेवढंच सांगितलं. तिनं मग एक लहान चित्र घेतलं, गणपतीचं, सांगितलेल्या किमतीला. परवडत नसेल तर घेऊ नये, त्यात कमीपणा नाही. मी स्वतः काही घेतलं नाही.

परतीच्या एसटीत घाट चढताना सगळ्या पेंगत होत्या. माझ्या शेजारी आमच्या गटातली सगळ्यात अबोल बाई बसली होती. नऊ वर्षं ती गटात आहे, हप्ता कधी चुकला नाही, पण माहेरचं कधी बोलली नाही. ती खिडकीकडं बघत म्हणाली, "ताई, माझा बा पिंगळा हुता." पहाटे अंधारात दारोदार जाऊन कुडमुडं वाजवणारा, भविष्य सांगणारा. शाळेत पोरं तिला भिकाऱ्याची म्हणायची. लग्नात सासरी सांगितलं, वडील मजुरी करतात. बापाला सगळी पदं पाठ होती, तीही गेली त्याच्याबरोबर. "ह्यांनी गोठ्यात मांडून ठेवलं," ती म्हणाली, "आन् आमी लपवून ठेवलं."

मला काय बोलावं सुचलं नाही. मी एवढंच विचारलं, तुला काही येतं का त्यातलं? ती म्हणाली, दोन पदं येतात, अर्धी-अर्धी. मग आजरा येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

पुढच्या बैठकीला ती कुडमुडं घेऊन येणार आहे. माहेरी भावाच्या माळ्यावर आहे म्हणाली. कातडं शाबूत आहे का, ते आधी बघायचंय.