दाविदाचे विजयगीत, दोन ठिकाणी

बायबलमध्ये एकच दीर्घ गीत दोनदा येते: शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा २२वा अध्याय आणि स्तोत्रसंहितेतील १८वे स्तोत्र. शब्दांचे थोडेफार फरक सोडले, तर मजकूर तोच. सर्व शत्रूंच्या आणि शौल राजाच्या हातून सुटका झाल्यावर दाविदाने ते गायिले, असे दोन्हीकडे सुरुवातीलाच नोंदवले आहे. शौलाचे नाव मात्र तिथेच येते. गीतात कोणत्याच शत्रूचे नाव नाही. त्यामुळेच पुढच्या पिढ्यांना ते आपल्या संकटातही आपलेसे करता आले असावे.

सर्वांत थरारक भाग सुटकेचा. मृत्यूचे पाश आवळलेला माणूस हाक मारतो आणि धरणी हादरते. देव आकाश लववून, करूबावर, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यावर, आरूढ होऊन खाली येतो; गारा, निखारे, विजांचे बाण बरसतात. एवढ्या प्रलयानंतरची कृती विलक्षण कोमल आहे: देव वरून हात लांबवतो, बुडणाऱ्याला खोल पाण्यातून ओढून काढतो आणि मोकळ्या जागी उभे करतो. शौलापासून एन-गेदीच्या रानातल्या गुहांत लपून राहिलेल्या दाविदाला मोकळ्या जागेचे मोल पुरेपूर ठाऊक होते.

शेवटी कवी परराष्ट्रांमध्येही देवाचे स्तवन करण्याचे वचन देतो. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात (१५:९) त्याच ओळीचा आधार घेतला आहे.