एअर होस्टेस व्हायचंय? मग डोळे मोबाईलवर तपासू नका!

कराडच्या माझ्या मामेबहिणीला केबिन क्रू व्हायचंय. एका अ‍ॅपवरच्या कलर टेस्टमध्ये ती नापास झाली आणि रडायलाच लागली. मी फोन पाहिला, तर नाईट लाईट चालू! त्याने स्क्रीन पिवळट होते, ठिपक्यांचे रंग बदलतात आणि त्यातला आकडा ओळखताना गफलत होऊ शकते. खरी इशिहारा टेस्ट छापील पानांवर, चांगल्या उजेडात घेतात.

आता जाहिरातीत दिसणारं ६/९ म्हणजे काय? नॉर्मल नजरेला जे अक्षर ९ मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. चष्मा, लेन्सचे नियम प्रत्येक एअरलाईनचे वेगळे असतात. जाहिरात नीट वाचा. आणि निकाल अ‍ॅपला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.