तारा चढण्याआधीची वर्षं

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कानाआधी डोळे कामाला लागतात. तारा लावलेली वाद्यं थोडी. रचून ठेवलेले, धूळ खात पडलेले भोपळेच जास्त. नवख्याला ती अडगळ वाटते. या धंद्यात मात्र ती ठेव आहे.

हत्यारांना धार-पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथे सतार-तंबोरे घडवू लागले. पुढे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले, आणि गवयाचा कान कारागिराच्या दाराशीच येऊन बसला. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. वाळवणाचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही.

भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूकडून. भाजीचा नव्हे, कडू जातीचा. कडवटपणामुळे कीड त्याच्या वाटेला कमी जाते. वेलावर पुरता पिकून टणक झालेला भोपळा महिनोन्‌महिने वाळू देतात, आतल्या बिया खुळखुळ वाजेपर्यंत. गंमत अशी, की एवढा वाळवलेला भोपळा कापण्याआधी पुन्हा पाण्यात भिजवावा लागतो. कोरडा कापायला गेलं तर तडकतो. भिजून नरम झाला की तोंड कापायचं, आतला गर खरवडायचा, काड्यांचा ताण देऊन हवा तो घेर धरायचा आणि परत वाळत ठेवायचं.

लाकडाचं दुखणं वेगळं. सतारीच्या दांडीला नि तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या फळीला, तुणाचं लाकूड लागतं: हलकं, तांबूस, हत्याराखाली सरळ जाणारं. ताज्या लाकडातलं मोकळं पाणी आधी उडून जातं, तोवर त्याचा आकार फारसा बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की तंतूंच्या भिंतींतलं पाणी सुटू लागतं, आणि मग लाकूड आवळतं. तेही सगळीकडे सारखं नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने जेवढं आवळतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्याकडून सालीकडे. लांबीत जवळजवळ नाहीच. फळी पिळवटते ती या असमानतेमुळे. टोकांकडून पाणी फार वेगाने निघतं म्हणून तिथे मेण किंवा रंग फासतात, थरांमध्ये पट्ट्या ठेवून वारा खेळता ठेवतात, ऊन टाळतात. इंचभर जाडीला एक वर्ष, हा सुतारकामातला जुना हिशेब. भट्टीत हेच काम काही आठवड्यांत होतं, पण घाईने तापवलं तर वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला ताण कापल्यावर बाहेर पडतो.

तरी वाळलं म्हणजे संपलं, असं नाही. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात ९ टक्क्यांच्या आसपास ओलावा टिकतो. ८० टक्के असेल तर १६. म्हणजे मिरजेच्या मे महिन्यात शांत असलेली तबली जुलैत फुगणारच. भोपळा, गळा आणि तबली ही तीन वेगवेगळ्या स्वभावांची मंडळी सरसाने एकमेकांना बांधायची, तर आधी त्यांना एकाच हवेत बरेच दिवस मुरू द्यायला हवं. हे टाळलं, तर सांधा बोलतो. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली आर्द्रता ३० टक्क्यांखाली जाऊ शकते. ओलसर हवेत जुळवलेली रुंद तबली तिथे दोन-तीन मिलिमीटर आवळायला बघते. कडा सरसाने धरलेल्या असतात. मग ती मधूनच फाटते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. योग्यच झालं. पण मानांकन नावाला राखतं. दोन-तीन वर्षं कोठीत पडून राहिलेल्या लाकडात अडकलेला पैसा कारागिराचाच असतो. महिन्याभरात तंबोरा हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो भाव सांगतो, तेव्हा त्यात ही वर्षंही मोजलेली असतात. गिऱ्हाईक मात्र नक्षीकाम बघून घासाघीस करतं.

पावसाळ्यात तर शेवटचा हातही अडतो. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं. पॉलिश आणि तारांखेरीज सगळं तयार असलेला तंबोरा मग भिंतीशी टेकून, उघडिपीची वाट बघत बसतो.